पेशंटऐवजी सोबतचा माणूस बोलतो तेव्हा: नव्या दंतवैद्यांसाठी मानवी तस्करीविषयी मार्गदर्शक

प्रॅक्टिस सुरू करून जेमतेम वर्ष झालं होतं. भिवंडीच्या बाजूला एका ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी संध्याकाळी बसायचो. एकदा एका कारखान्याचा शेठ एका पोराला घेऊन आला. पोराचा गाल सुजलेला. "कधीपासून दुखतंय रे?" मी पोराला विचारलं, उत्तर शेठने दिलं. वय विचारलं तर तेही शेठनेच सांगितलं, अठरा. मी केसपेपरवर अठरा लिहिलं आणि तोंड उघडायला सांगितलं. खालची दुसरी दाढ हिरडीतून अर्धीच वर आलेली, वरचा सुळा अजून पुरता उतरलेला नाही. म्हणजे बारा, फार तर तेरा. मला ते स्वच्छ दिसलं. तरी मी किडलेली दाढ काढली, गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. त्या पोराचा आवाज कसा होता हे मला आजही माहीत नाही.

बीडीएसच्या पाच वर्षांत कुणी मला सांगितलं नव्हतं की अशा वेळी करायचं काय. म्हणून इंटर्न, नवे डॉक्टर, असिस्टंट आणि रिसेप्शनवर बसणारी माणसं या सगळ्यांसाठी हे लिहितोय. रिसेप्शनवाल्यांनी तर आवर्जून वाचावं, कारण बरंच काही त्यांनाच आधी दिसतं.

आधी शब्द समजून घेऊ

तस्करी म्हटलं की डोळ्यांसमोर रात्रीचा ट्रक आणि त्यात कोंबलेल्या मुली येतात. कायद्याला ट्रक लागत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ (जुन्या दंडसंहितेतलं ३७०) तीन गोष्टी बघतं. माणसाला मिळवलं, नेलं, ठेवून घेतलं किंवा दुसऱ्याच्या हवाली केलं का. त्यासाठी धमकी, जबरदस्ती, फसवणूक किंवा पैशाचं आमिष वापरलं का. आणि हे सगळं शोषणासाठी होतं का. पीडित व्यक्तीने 'हो' म्हटलं होतं की नाही, याने गुन्हा ठरताना काही फरक पडत नाही. हे त्या कलमातच स्पष्ट लिहिलं आहे. देशाची सीमा सोडाच, तालुक्याची सीमाही ओलांडावी लागत नाही. पोलिसांच्या भाषेत याला 'अनैतिक मानवी वाहतूक' म्हणतात. फोन करताना हाच शब्द वापरला तर पलीकडचा माणूस तुम्हाला लवकर योग्य टेबलावर जोडून देतो.

आपल्याकडे याची रूपं अनेक. कामाठीपुरा, बुधवार पेठ किंवा नागपूरची गंगाजमुना डोळ्यांसमोर येते, पण तेवढ्यावर थांबू नका. ठाणे-पालघर-रायगडच्या वीटभट्ट्यांवर उचल (आगाऊ रक्कम) घेऊन अडकलेली कातकरी कुटुंबं आहेत. मुंबईत जरीकाम आणि बॅगांच्या कारखान्यांत बिहारमधून आणलेली पोरं सापडली आहेत. झारखंडहून एजंटाने आणलेल्या घरकामाच्या मुली आहेत. गोव्यात स्पा आणि मसाज पार्लरच्या आडून चालणारे प्रकार आहेत. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं किरकोळ पैसे आणि एखादं मेंढरू यांच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं एका मुलीच्या मृत्यूनंतर उघड झालं. आणि शिकलेल्या माणसाला हे होत नाही असंही समजू नका. नोकरीच्या आमिषाने नेऊन म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या साठांहून अधिक भारतीयांना महाराष्ट्र सायबरने एप्रिल २०२५ मध्ये सोडवलं.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. उचल घेऊन ऊसतोडीला जाणारा प्रत्येक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तस्करीचा बळी नसतो, आणि प्रत्येक मुकादम गुन्हेगार नसतो. पण उचलीपायी माणसाला काम सोडून जायची मोकळीक उरली नसेल, तर तो १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याचा विषय होतो. दुसरी गोष्ट, वेश्याव्यवसायातली प्रत्येक प्रौढ बाई 'सुटकेची' वाट बघत नसते. स्वखुशीने हा व्यवसाय करणाऱ्या प्रौढ बाईला त्रास देऊ नका, तिला सन्मानाने वागवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात सांगितलं आहे. ती दात दाखवायला आली असेल तर तिचे दात बघा.

दंतवैद्यच का

दाढदुखीने माणूस रात्रभर तळमळतो, सकाळी काम करू शकत नाही. काम थांबलं की मालकाचं नुकसान. तापाला मेडिकलमधून गोळी आणता येते, ठणकणारी दाढ गोळीने दोन दिवस गप्प बसते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उठते. मग नाइलाजाने का होईना, त्या माणसाला आपल्याकडे आणतात. अमेरिकेत सुटका झालेल्या सुमारे शंभर बायका-मुलींचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींना त्या काळात दातांचे त्रास होते, आणि दहांपैकी जवळजवळ नऊ जणींचा शोषण चालू असतानाच कुठल्या ना कुठल्या आरोग्यसेवेशी संबंध आला होता. म्हणजे त्या कुठे लपवून ठेवलेल्या नव्हत्या, कुणाच्या तरी तपासणीच्या टेबलावर होत्या.

आपल्या धंद्याची आणखी एक जमेची बाजू आहे, आणि ती मला फार उशिरा कळली: सिटिंग. सर्दीचा डॉक्टर पेशंटला एकदा बघतो. आपण मात्र 'टाके काढायला सात दिवसांनी या', 'रूट कॅनालची दुसरी सिटिंग मंगळवारी', 'कॅपचं माप घ्यायचंय' असं म्हणून, कुणालाही संशय न येता, त्याच माणसाला पुन्हा पुन्हा बोलावू शकतो. पहिल्या भेटीत कुणी काही सांगत नाही. तिसऱ्या भेटीत कधीकधी सांगतं.

पहिली पायरी: पेशंट यायच्या आधीची

हे काम एखाद्या रिकाम्या दुपारी उरकून टाका. एका कागदावर नंबर लिहा. मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, ताबडतोब धोका असेल तर ११२, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. त्याखाली तुमच्या भागातलं पोलीस ठाणं, जिल्ह्याचा अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालकल्याण समिती आणि जवळचं सखी वन स्टॉप सेंटर (अत्याचार झालेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र). हे नंबर इंटरनेटवरून नुसते उतरवून घेऊ नका, एकदा फोन लावून बघा. सरकारी यादीतले निम्मे नंबर लागत नाहीत, हा सगळ्यांचाच अनुभव. जवळच्या एखाद्या संस्थेशीही आधीच ओळख करून ठेवा. मुंबईत प्रेरणा ही संस्था १९८६ पासून कामाठीपुऱ्यातल्या मुलांसाठी काम करते आहे, गोव्यात अर्ज, म्हणजे 'अन्याय रहित जिंदगी', आहे.

मग स्टाफबरोबर बसून कामं वाटून घ्या. पोलिसांना फोन कोण करणार? सोबतच्या माणसाला बोलण्यात कोण गुंतवणार? रिसेप्शनवरून डॉक्टरांना इशारा कसा द्यायचा? एखादं साधं वाक्य ठरवा, उदाहरणार्थ "डॉक्टर, निळी फाइल आणू का?" दवाखान्यात निळी फाइल नसेल याची मात्र खात्री करा.

दुसरी पायरी: रिसेप्शनवर

इथे फार काही करायचं नाही, फक्त बघायचं. नाव-वय कोण सांगतं? मोबाइल नंबर कुणाचा देतात? पत्ता विचारल्यावर पेशंट सोबतच्याकडे बघतो का? ओळखपत्र कुणाच्या खिशातून निघतं? पैसे कोण देतं, आणि 'हे हिशोबात धरू' असं काही पुटपुटतं का? महिन्याभरात एकच माणूस वेगवेगळ्या पोरींना घेऊन येतोय का, हे फक्त रिसेप्शनलाच कळतं, आपण तर तोंडंच लक्षात ठेवतो.

यातल्या एकाही गोष्टीवरून काही सिद्ध होत नाही. सुनेचं वय सासूने सांगणं आपल्याकडे रोजचंच आहे. खेड्यातून आलेली बाई नवऱ्याकडे बघूनच बोलते. म्हणून एका गोष्टीवर थांबू नका, गोष्टी साठू द्या.

तिसरी पायरी: तोंडात काय दिसतं

नवे डॉक्टर इथे फार अपेक्षेने वाचतात, म्हणून आधीच सांगतो: तस्करीची म्हणून एकही खूण तोंडात नसते. ज्या दिसतात त्या मारहाणीच्या, आबाळीच्या आणि अत्याचाराच्या असतात. त्या तस्करीशिवायही सापडतात, आणि गरिबीची तोंडं त्यांच्यासारखीच दिसतात. प्रश्न नेहमी एकच विचारायचा: सांगितलेली हकिगत आणि दिसणारी जखम यांचा मेळ बसतो का?

पुढचे दात तुटलेले असतील तर कधी तुटले ते बघा. ताजी जखम असेल तर हिरडी आणि ओठ बोलतात. जुनी असेल तर दात काळपट पडलेला असतो, एक्स-रेत मुळाच्या टोकाशी गाठ दिसते. 'काल बाथरूममध्ये पडली' असं सांगतायत आणि दात दोन वर्षांपूर्वी मेलेला आहे, ही विसंगती लिहून ठेवण्यासारखी. जबड्याचं हाड कधीतरी मोडून, उपचाराविना, तसंच वाकडं जुळलं असेल तर चावा बिघडलेला असतो. विचारलं तर 'लहानपणापासून असंच आहे' म्हणतात. ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढला की जुनी रेघ दिसते.

ओठ उलटून आतली, ओठ हिरडीला जोडणारी पट्टी बघायची सवय लावा. चालायला लागलेलं बाळ तोंडावर पडलं तर ती पट्टी फाटते, यात नवल नाही. पण अजून न रांगणाऱ्या बाळात किंवा मोठ्या मुलात ती फाटलेली असेल तर तोंडावर फटका बसलाय का, हे मनात यायला हवं. ओठांच्या कोपऱ्यांत दोन्ही बाजूंना सारखे ओरखडे किंवा काळे डाग असतील तर तोंड बांधलं होतं का, हा विचार करा. गालावर समांतर लाल पट्टे बोटांचे असू शकतात. कान, कानामागची जागा आणि मान न विसरता बघा. पडल्याने गुडघा, कपाळ, हनुवटी फुटते. कान आणि मान सहसा नाही.

टाळूवर, मऊ आणि कडक भाग मिळतात तिथे, लाल ठिपके किंवा रक्त साकळल्यासारखं दिसलं, आणि त्याला दुसरं कारण सापडलं नाही, तर जबरदस्तीच्या मुखमैथुनाची शंका घ्यावी लागते. जोराचा खोकला, उलट्या, घशाचा संसर्ग यांनीही तसे ठिपके येतात, म्हणून ते आधी तपासा. लहान मुलाच्या तोंडात लैंगिक संसर्गाची गाठ किंवा व्रण दिसला तर ती स्वतंत्र, गंभीर बाब आहे. अंगावर दाताच्या चाव्याची खूण असेल तर सुळ्यांच्या खुणांमधलं अंतर मोजा; ते तीन सेंटिमीटरच्या वर असेल तर चावा लहान मुलाचा नसून प्रौढाचा असण्याची शक्यता जास्त. ताजी खूण पुसू नका, धुऊ नका.

आणि आबाळ. तोंडभर किडलेल्या दाढा, वर्षानुवर्षं वाहणारा पू, कोपरे चिरलेले ओठ, गुळगुळीत लाल जीभ. हे सगळं मेळघाटातल्या कुठल्याही शिबिरात दिसेल. गुटख्याने न उघडणारं तोंड तर आता शाळेतल्या पोरांतही दिसतं. फरक कळतो तो मागणीवरून. पाठीमागच्या तीन दाढांत पू आहे, पोरगी दुखण्याने रडतेय, आणि सोबतची बाई म्हणते, "ते राहू द्या, फक्त पुढचा दात बसवा, शनिवारच्या आत." अशा वाक्याला माझे कान टवकारतात.

चौथी पायरी: दोन मिनिटं एकटं

सगळ्या मार्गदर्शकाचं सार विचारलंत तर ते इथे आहे. पेशंटशी एकट्याने बोलल्याशिवाय काहीही कळत नाही, आणि सोबतच्या माणसाला बाहेर काढताना त्याला संशय येता कामा नये.

सुदैवाने आपल्याकडे एक्स-रे आहे. "एक्स-रे काढायचाय, तुम्ही जरा बाहेर थांबा, किरणं असतात" या वाक्यावर आजवर माझ्याशी कुणी वाद घातलेला नाही. ज्याला घालायचाय त्याने तसं करणं हीच एक माहिती. एक्स-रे नसेल तर निर्जंतुक खोलीचा नियम सांगा. नियम सगळ्यांना सारखा लावा: उपचाराच्या वेळी चेअरजवळ पेशंटशिवाय कुणी नाही, अशी पाटीच दारावर लावून टाका. मग कुणा एकाला बाहेर काढल्यासारखं वाटत नाही. लहान मुलांच्या आयांना यातून सूट द्यावी लागते, ती तुमच्या डोळ्यांनी ठरवा.

तोवर रिसेप्शनने सोबतच्याला फॉर्म भरायला द्यावा. आपले फॉर्म एरवीही लांबच असतात.

पेशंटला तुमची भाषा येत नसेल तर सोबतच्याला दुभाषा करू नका. तेलुगू, बंगाली, नेपाळी, कन्नड येणारा एखादा सहकारी किंवा मित्र फोनवर तयार ठेवा. फोन स्पीकरवर, आवाज कमी. दुभाष्याला पेशंटचं नाव सांगू नका.

पाचवी पायरी: बोलायचं कसं

तोंडात हात घालून प्रश्न विचारायची आपल्याला सगळ्यांनाच खोड असते. ती इथे सोडा. चेअर सरळ करा, मास्क खाली घ्या, स्टूल पुढे ओढून तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. दार ओढून घ्या, पण कडी लावू नका. पुरुष डॉक्टर असाल तर बाई असिस्टंट जवळ असू द्या.

'तुला विकलंय का?' किंवा 'तुझ्यावर अत्याचार होतोय का?' असं कधीही विचारू नका. तिच्या मनात तिच्या परिस्थितीला ते नाव नसतं. कुणी म्हणेल कर्ज फेडतेय, कुणी म्हणेल मामा आहे तो माझा. साधे, रोजचे प्रश्न विचारा:

"काम कसलं करतेस? किती वाजता सुरू होतं?"
"झोपायला कुठे असतेस? तिथेच, कामाच्या जागी?"
"पगार हातात मिळतो का, की उचलीतून वळता करतात?"
"आधार कार्ड कुणाकडे आहे?"
"घरी फोन करता येतो का? शेवटचा कधी केलास?"
"उद्या काम सोडून गावी जायचं म्हटलंस तर जाता येईल?"

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि त्याच्या उत्तरापेक्षा त्याआधीची शांतता. प्रौढ बाईला 'ताई' म्हणा, 'तुम्ही' म्हणा. तिला 'अगं तू' म्हणणारी माणसं तिच्या आजूबाजूला पुष्कळ असतात.

ती गप्प राहिली तर गप्प राहू द्या. "तुम्हाला कधी काही सांगावंसं वाटलं तर पुढच्या सिटिंगला सांगा" एवढं बास. ती चिडली, तुम्हालाच खोटं ठरवू लागली, 'मालक फार चांगले आहेत' म्हणाली, तरी वाद घालू नका. भीतीत जगणाऱ्या माणसाचं बोलणं असंच असतं. आणि वचन देऊ नका. 'मी तुला इथून सोडवतो' हे वाक्य सिनेमात ठीक. 'कुणाला सांगणार नाही' हेही अल्पवयीन मुलीला म्हणू नका, कारण तुम्हाला सांगावंच लागणार आहे.

नंबर द्यायचा तर कार्डावर देऊ नका, खिसे तपासले जातात. १०९८ पाठ करून घ्यायला सोपा आहे: दहा, नऊ, आठ. बायकांच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला नंबरांचा कागद लावा. तिथे सोबतचा माणूस शिरत नाही. तो कागद हिंदीतही लावा, मराठीचा अभिमान जरा बाजूला ठेवून.

उपचार करताना

दात दाखवायला आडवं पडणं, तोंडावर दिवा, वरून वाकलेला पुरुष, तोंडात हात, श्वास कोंडणं. ज्याच्यावर अत्याचार झालाय त्याच्यासाठी आपली चेअर म्हणजे काय, हे एकदा स्वतः तिच्यावर पडून बघा. पेशंट एकदम ताठरला, हात झटकला, रडू कोसळलं तर 'सहकार्य करत नाही' असं लिहू नका. प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगा, विचारा. डावा हात वर केला की मी थांबणार, असं ठरवा आणि खरोखरच थांबा. चेअर अर्धी सरळ ठेवूनही बरंच काम होतं. सक्शन तिच्याच हातात दिलं तर अनेकींना बरं वाटतं.

दुखणं आधी थांबवा. जिभेखाली, हनुवटीखाली सूज पसरत असेल, गिळता येत नसेल, तर ते जिवावरचं आहे. बाकी सगळे प्रश्न नंतर, आधी मोठ्या रुग्णालयात पाठवा. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बेकायदेशीर आहे, आणि तिच्या संमतीशिवाय ती तपासणीही करता येत नाही. लैंगिक अत्याचार नुकताच झाल्याचं कळलं तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठायला हवं, कारण एचआयव्ही रोखणारी औषधं आणि गर्भनिरोधक गोळी त्या वेळेतच सुरू करावी लागते. बलात्कार, अ‍ॅसिडहल्ला आणि पॉक्सोखालच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) पीडितांना प्रथमोपचार आणि वैद्यकीय उपचार ताबडतोब आणि मोफत द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम ३९७ नुसार खासगी रुग्णालयांनाही बंधनकारक आहे.

सहावी पायरी: कळवायचं की नाही

इथे वयावरून वाटा फुटतात.

पेशंट अठरा वर्षांखालचा असेल आणि लैंगिक शोषणाची कल्पना तुम्हाला आली असेल, तर निवड उरत नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावंच लागतं. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीसाठी तुमच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असं कलम १९ मध्येच आहे. 'मी तर फक्त उपचार करणारा' ही सबब चालत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात न कळवणाऱ्या डॉक्टरवरचा रद्द झालेला खटला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा उभा केला. लैंगिक शोषण दिसत नसेल पण चौदा वर्षांखालचं मूल मालकाकडे कामाला असेल, किंवा मोठं मूल धोक्याच्या कामात असेल, तरी १०९८ ला फोन करा. मालक म्हणजे पालक नव्हे, हेही लक्षात असू द्या.

प्रौढ पेशंट असेल तर तिला विचारा. तिला काय हवंय? आज निघायचंय, की नुसता नंबर हवाय, की काहीच नको? तिने नको म्हटलं तर सहसा तिचा शब्द पाळा, कारण आपला एक चुकीचा फोन आणि त्यानंतर आलेली अर्धवट धाड यांची किंमत रात्री तीच मोजते. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३ मात्र काही गंभीर गुन्ह्यांची माहिती देण्याचं कर्तव्य प्रत्येक नागरिकावर टाकतं, रास्त कारण नसेल तर. म्हणून दवाखान्याचं धोरण लिहिताना एखाद्या वकिलाकडून हे कलम समजून घ्या. एक तासाचं काम आहे. वेठबिगारी वाटत असेल तर जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी यांच्याकडे जाता येतं. मुक्त झालेल्या मजुराला केंद्राच्या योजनेतून एक ते तीन लाखांपर्यंत मदत आहे, हे त्या कुटुंबाला सहसा कुणी सांगितलेलं नसतं.

जीव धोक्यात असेल तर ११२, प्रौढ असो वा मूल.

काय करायचं नाही तेही सांगतो. शेठशी भांडू नका. गाडीचा पाठलाग करू नका. पेशंटला मागच्या दाराने पळवू नका, घरी नेऊ नका. एखाद्या उत्साही पत्रकार मित्राला फोन तर अजिबात नको.

सातवी पायरी: लिहून ठेवणं

पुढे कधी कोर्टात बोलावणं आलं तर तुमच्या आठवणीला कोण विचारतो? तुमचा कागद बघतात. पेशंटचे शब्द तिच्याच भाषेत, अवतरणचिन्हांत लिहा: 'शेठने चप्पल मारली.' 'कथित मारहाण' असं आपल्या तोंडचं काही नको. जखमेची जागा, लांबी-रुंदी, रंग, दाताचा क्रमांक लिहा. फोटो काढायचा तर संमती घेऊन, शेजारी पट्टी ठेवून. सोबत कोण होतं, उत्तरं कोण देत होतं, वेळ काय होती. निष्कर्ष लिहू नका. 'सांगितलेल्या हकिगतीशी जखम जुळत नाही' एवढं पुरे.

हा कागद वेगळ्या फाइलमध्ये, कुलपात. पेशंटच्या हातात जाणाऱ्या चिठ्ठीवर औषधाखेरीज एक अक्षर नको. आणि कृपा करून, 'इंटरेस्टिंग केस' म्हणून फोटो कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. चेहरा झाकलात तरी नको. बलात्कार किंवा पॉक्सोच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड होईल असं काही प्रसिद्ध करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

वयाचा दाखला मागितला तर

हा प्रसंग नव्या डॉक्टरवर हमखास येतो. कुणीतरी मुलीला घेऊन येतं, 'अक्कलदाढ आलीय का बघा आणि अठरा पूर्ण असं लिहून द्या, नोकरीसाठी लागतंय.' देऊ नका. अक्कलदाढ साधारण सतरा ते एकवीसमध्ये येते, पण पुढेमागे होते, कुणाला येतच नाही. तिच्यावरून अठरा पूर्ण की नाही हे छातीठोक सांगता येत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार वय ठरतं ते आधी शाळेच्या किंवा दहावीच्या दाखल्यावरून, ते नसेल तर पालिका-पंचायतीच्या जन्मदाखल्यावरून, आणि यातलं काहीच नसेल तरच, बालकल्याण समिती किंवा बाल न्याय मंडळाच्या आदेशाने, वैद्यकीय तपासणीवरून. खासगी दवाखान्याच्या लेटरहेडला त्यात जागा नाही. तसा कागद मागायला आलेला माणूस मात्र लक्षात ठेवा, आणि मुलीच्या तोंडात दुधाची दाढ अजून हलत असेल तर त्याच दिवशी फोन करा.

नंतरचं काम

सुटका झालेल्या मुली आणि बायका बालगृहात किंवा शक्ती सदनात (बायकांसाठीच्या सरकारी निवासगृहात) येतात, तेव्हा त्यांच्या दातांकडे बघायला बहुतेक ठिकाणी कुणी नसतं. तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याला भेटा आणि महिन्यातून एक दुपार द्या. तुटलेला पुढचा दात बांधून दिल्यावर तोंडावर हात न धरता हसणारी मुलगी बघितली की पेट्रोलचे पैसे वसूल. तिथे जाताना तिची कहाणी विचारू नका. ती तिने पोलिसांना, समितीला, समुपदेशकाला, कोर्टाला सांगून झालेली असते. तुम्ही दाढेबद्दल विचारा.

दवाखान्यातली जी पेशंट पुढच्या सिटिंगला आलीच नाही, तिच्या पत्त्यावर जाऊ नका. फॉर्मवरच्या नंबरवर रिसेप्शनने नेहमीच्याच आवाजात फोन करावा: "दाताच्या दवाखान्यातून बोलतेय, टाके काढायचे राहिलेत, पू होईल, उद्या पाठवून द्या." बहुतेक वेळा फोन शेठच उचलतो. पू होईल म्हटलं की पाठवतो.